गाणं तेच, चालही तीच, मग नाचताना जड का वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ‘ब्युटी अँड द बीस्ट’चं १९९१ चं अ‍ॅनिमेशन तुम्ही लहानपणी कॅसेट झिजेपर्यंत पाहिलेलं, आता मुलीला २०१७ चा खऱ्या माणसांचा सिनेमा दाखवला, गाणी तीच, संगीतकार तोच, पैसा तर पाण्यासारखा ओतलाय, तरी ‘बी अवर गेस्ट’ हे ताटल्या-चमच्यांचं स्वागतगीत चालू असताना मुलगी मोबाईल मागायला लागली, असं का? आणि खाली दुसरा प्रश्न, की तुमच्या ग्रुपला एका जुन्या परीकथेवर अर्ध्या तासाची गाण्यांची फिल्म करायचीये, त्यात काय सांभाळायचं. मी बावीस वर्षं गाणीच एडिट करतोय, मराठी-हिंदी दोन्ही, मध्ये तीन-चार मुलांच्या फिल्म्सही झाल्या, त्यामुळे यावर माझी मतं जरा जास्तच आहेत, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगतो, नवा सिनेमा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. जगभरात १२६ कोटी डॉलरच्या आसपास कमावलेत त्याने, लोक उगाच गेले नाहीत. कपडे आणि सेट दोन्हीला ऑस्करची नामांकनं होती आणि ती योग्यच होती. पण तुमच्या मुलीला जे जाणवलं ते खरंय, आणि त्याचं कारण नटांमध्ये नाही, पैशातही नाही, ते तालात आहे. म्हणजे तालाचा मालक कोण, यात.

अ‍ॅनिमेशनमध्ये मालक गाणं असतं. गाणं आधी रेकॉर्ड होतं, मग त्याचा प्रत्येक ठोका कागदावर फ्रेममध्ये मोजतात आणि चित्र त्या मापावर काढतात. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं, या वेगाने चालतो, म्हणजे मिनिटाला १४४०. गाण्याचा टेम्पो १२०, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, असेल तर एका ठोक्याला बरोब्बर १२ फ्रेम येतात, ९६ असेल तर १५, १४४ असेल तर १०. आता चित्र काढणाऱ्याला माहितीये की बशी बाराव्या फ्रेमला टेबलावर टेकली पाहिजे, तो ती बाराव्यालाच टेकवतो, अकराव्याला नाही की तेराव्याला नाही. चमचे पाण्यात सूर मारतात, बरण्या गिरक्या घेतात, सगळं ठोक्यावर, कारण त्या चमच्याला वजनच नाहीये हो! वजन किती दाखवायचं, पाय किती लांब पडायचा, उडी हवेत किती वेळ राहायची, हे सगळं गाण्याला विचारून ठरतं.

खऱ्या माणसाच्या बाबतीत हे उलटं होतं. माणसाला उडी मारून खाली यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, पृथ्वी काही संगीतकाराचं ऐकत नाही. मग तुमच्याकडे दोनच रस्ते उरतात, एकतर नाच कमी करा आणि कट वाढवा, नाहीतर गाणं हळू करा. दोन्हीत काहीतरी हातचं जातं.

आणि या गोष्टीत तर गाणं नुसतं मालक नव्हतं, आईच होतं. हा सिनेमा पहिल्यांदा गाण्यांशिवायच बनणार होता, लंडनमध्ये एक टीम त्यावर काम करत होती, ते सगळं १९८९ मध्ये स्टुडिओने बाजूला ठेवलं आणि हॉवर्ड अ‍ॅशमन आणि अ‍ॅलन मेंकन या जोडीला बोलावलं. मेंकन संगीतकार, अ‍ॅशमन गीतकार, पण माणूस मुळात नाटकवाला, रंगभूमीवरून आलेला. राजवाड्यातल्या वस्तूंना, म्हणजे मेणबत्ती, घड्याळ, किटली यांना स्वतःचा स्वभाव आणि आवाज द्यायची कल्पना त्याची. तो तेव्हा एड्सने आजारी होता, प्रवास झेपत नव्हता, म्हणून अख्खी टीम कॅलिफोर्नियाहून उठून न्यूयॉर्क राज्यात त्याच्या घराजवळ फिशकिल नावाच्या गावात हॉटेलात जाऊन बसायची. १४ मार्च १९९१ ला तो गेला, सिनेमा पुरा व्हायच्या आधी, वय फक्त ४०. त्या वर्षी टायटल साँगला ऑस्कर मिळालं, पार्श्वसंगीतालाही मिळालं, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत पहिल्यांदाच एक अ‍ॅनिमेशन फिल्म जाऊन बसली. सिनेमाच्या शेवटी अ‍ॅशमनच्या नावाने जोडलेली अर्पणपत्रिका वाचताना माझ्या घशात अजून काहीतरी अडकतं, असो.

हे सांगायचं कारण असं की त्या सिनेमात गाणं काढून टाकलं तर गोष्ट लंगडी पडते. पहिलंच गाणं घ्या, ‘बेल’, नायिकेच्याच नावाचं. पाचेक मिनिटांत गाव कसं आहे, पोरगी कशी आहे, लोक तिला काय म्हणतात, तिच्या मागे लागलेला तो गॅस्टन किती आत्मप्रेमी आहे, सगळं उरकलं. आपल्याकडे संगीत नाटकात नांदीनंतर सूत्रधार-नटी जे काम करायचे तेच, फक्त अख्खं गाव मिळून करतंय. ‘बी अवर गेस्ट’ तर आधी बेलच्या बापासाठी लिहिलेलं, तोही किल्ल्यात पाहुणा म्हणून येतोच ना, मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पाहुणी खरी बेल आहे, तिच्यावर इतकं मोठं गाणं खर्च करायला पाहिजे, मग ते उचलून तिच्या प्रसंगात नेलं. आमच्या भाषेत याला म्हणतात गाण्याची जागा सापडणं. जागा चुकली तर कितीही भारी गाणं असू दे, लोक पॉपकॉर्न आणायला उठतात.

आता अशा गाण्यांवर खरी माणसं उभी करायची. २०१७ च्या दिग्दर्शक बिल कॉन्डनला म्युझिकल नवीन नव्हतं, त्याने आधी ‘ड्रीमगर्ल्स’ केलेला, ‘शिकागो’ची पटकथा त्याचीच. म्हणजे अडाणी माणसाच्या हाती दिलं असं अजिबात नाही. गावाच्या गाण्यात तो निभावून नेतो, कारण तिथे माणसं आहेत, पाव विकणारा, कपडे धुणारी, शिडीवरचा, सगळे चालत-बोलत गातात आणि चालणं ही गोष्ट माणसाला तालात जमते. शेपर्टन स्टुडिओच्या आवारात गावाचा अख्खा चौक बांधला होता, आणि गावाचं नाव ठेवलंय व्हिलनव्ह, म्हणजे १७४० मध्ये ही कथा जिने पहिल्यांदा लिहिली त्या बाईंच्या नावावरून, हे मला आवडलं. गॅस्टनचं दारूच्या गुत्त्यातलं गाणं तर जुन्यापेक्षा तसूभरच कमी असेल, कारण त्यातला नट ल्यूक इव्हान्स आणि त्याचा सोबती जॉश गॅड दोघेही स्टेजवर गाऊन आलेले, टेबलावर पाय आपटायचा तर खरोखर आपटतात, आणि लाकडाचा तो आवाज अ‍ॅनिमेशनच्या बापाला येणार नाही. त्यात अ‍ॅशमनने तेव्हा लिहून बाजूला पडलेल्या काही ओळीही मेंकनने परत घातल्यात.

गडबड होते ती ‘बी अवर गेस्ट’ला. आता बघा तिथे खरं काय आहे, एक मुलगी खुर्चीत बसलीये. बस. बाकी मेणबत्ती, बश्या, झाडणी, सगळं नंतर कॉम्प्युटरवर बनलेलं, शूटिंगच्या वेळी तिच्या समोर जवळजवळ काहीच नाही. म्हणजे हा भाग मुळात अ‍ॅनिमेशनच आहे, फक्त खरं दिसायचं अशी अट घातलेलं अ‍ॅनिमेशन. आणि ती अटच नडते. जुना ल्युमिएर म्हणजे मेणबत्तीला गाल, भुवया, हे एवढं मोठं तोंड, ‘आ’ म्हटलं की अर्धा चेहरा उघडतो. नवा ल्युमिएर म्हणजे सोनेरी धातूचा बारीक पुतळा, दिसायला सुंदर, म्युझियममध्ये ठेवावा असा, पण चेहरा एवढासा आणि धातू खरा वाटावा म्हणून तो फार ताणताही येत नाही. किटलीचा चेहरा तर बाजूला रंगवलेल्या नक्षीत. मोठ्या पडद्यावर ठीक आहे, तुम्ही घरी टीव्हीवर बघताय, तुमच्या मुलीला गाणारं तोंडच शोधावं लागतंय! लहान मूल आधी तोंड शोधतं, गाणं कोण म्हणतंय ते कळलं की मग ऐकतं. तोंड सापडलं नाही की मोबाईल.

२०१९ च्या ‘द लायन किंग’मध्ये हाच घोळ याहून मोठा झाला, सिंह इतके खरे की गाताना सुद्धा जांभई देतायत असं वाटतं. खऱ्या सिंहाला भुवई उडवता येत नाही, त्याला आपण काय करणार.

आता वजनाची गोष्ट, ही माझी स्वतःची. मुलांची एक फिल्म होती, त्यात अस्वल नाचतं असं गाणं. अस्वल म्हणजे आत एक डान्सर पोरगा, वरून फर, वरून डोकं, डोक्यात बॅटरीवर चालणारा छोटा पंखा कारण मे महिना आणि गोरेगाव. गाणं आधीच फायनल मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांसकट पक्कं, होऊन आलेलं, टेम्पो १३२. पोरगा बिचारा मुखडा कसाबसा काढायचा, अंतऱ्याला पाय मागे पडायला लागायचे, आठ काउंटची स्टेप सहाव्यालाच सोडून द्यायचा. मास्टरजी ओरडतायत, प्रोड्युसर घड्याळ बघतोय. दुपारपर्यंत चार शॉट. शेवटी कॅमेऱ्यामागचा एक जुना माणूस, रिळांच्या जमान्यातला, तो म्हणाला, कॅमेरा सेकंदाला २२ फ्रेमला चालव आणि प्लेबॅक, म्हणजे सेटवर वाजणारं गाणं, त्याच हिशोबात हळू कर. म्हणजे काय तर गाणं सेटवर साधारण आठ टक्के हळू वाजतं, पोराला तेवढा श्वास मिळतो, आणि पडद्यावर २४ ने चालवलं की गाणं मूळ वेगात आणि अस्वलही मूळ वेगात, ओठ वगैरे सगळं जुळतं. स्लो मोशनच्या गाण्यांना आपण उलटं करतो ना, कॅमेरा ४८ ला आणि प्लेबॅक दुप्पट वेगात, हिरोईन भसाभसा ओठ हलवते आणि पडद्यावर केस मस्त संथ उडतात पण ओठ गाण्यावर, तेच, फक्त उलट दिशेने. संध्याकाळपर्यंत गाणं संपलं.

पण त्याचीही किंमत असते. २२ वर शूट केलेल्या शॉटमध्ये सगळंच किंचित चटपटीत दिसतं, धूळ, फर, मागे उभी असलेली मुलं. अस्वलाला ते शोभून दिसलं. प्रेमगीतात केलं असतं तर लोक हसले असते.

आणि इथेच बीस्टची, म्हणजे शापाने जनावर झालेल्या राजकुमाराची, अडचण येते, कारण त्याला चटपटीत करून चालणार नाही, तो जड वाटला पाहिजे आणि नाचलाही पाहिजे. बीस्ट झालेल्या डॅन स्टीव्हन्सला त्यांनी काठ्यांवर, म्हणजे स्टिल्ट्सवर चढवलं, अंगावर राखाडी रंगाचा, आतून भरलेला सूट, आणि त्या अवस्थेत बेल झालेल्या एमा वॉटसनबरोबर वॉल्ट्झ करायला लावला. करून बघा, नुसतं स्टुलावर उभं राहून करून बघा. चेहरा तर त्या वेळी घेतलाच नाही, तो नंतर वेगळ्या वेळी, चेहऱ्याला खास रंग फासून, भोवती कॅमेऱ्यांचं कोंडाळं करून, तोच प्रसंग परत करून घेतला, आणि मग शरीर एका दिवसाचं, चेहरा दुसऱ्या दिवसाचा, दोन्ही कॉम्प्युटरमध्ये शिवले. तांत्रिकदृष्ट्या मी टोपी काढतो. पण एडिटर म्हणून बघतो तेव्हा वाटतं की नाचताना माणसाचा चेहरा पायाला उत्तर देत असतो, पाय चुकला की डोळ्यात कळतं, गिरकी जमली की ओठाच्या कोपऱ्यात कळतं. तो धागा त्या नाचात मधूनमधून तुटतो. कोणाला सांगता येणार नाही कुठे, पण तुटतो.

गंमत बघा, १९९१ च्या अ‍ॅनिमेटर्सनी बेल काढताना समोर खरी अभिनेत्री उभी केली होती, तिच्या हालचाली बघून काढायचे. आणि अगदी शेवटचा नाच, राजकुमार माणूस झाल्यावरचा, तो वेळ उरला नाही म्हणून १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्युटी’मधल्या नाचावरूनच गिरवला होता. म्हणजे माणूस बघून चित्र, चित्रावरून दुसरं चित्र, आणि त्या चित्रावरून परत माणूस. आमच्या आजीच्या पातळाची दुलई आणि दुलईचं परत परकर.

त्या नाचातल्या बेलच्या पिवळ्या ड्रेसबद्दलही थोडं, कारण सगळे त्याचंच बोलतात. चित्रातला ड्रेस म्हणजे पिवळ्या रंगाचा एक घंटेसारखा आकार, त्याला कापड नाहीच. कपडे डिझाइन करणाऱ्या जॅकलिन ड्युरनला तो खऱ्या कापडात आणायचा होता, आणि वॉटसन म्हणाली कंबर आवळणारं कॉर्सेट घालणार नाही. मग हलक्या ऑर्गन्झाचे थर, जे गिरकीत उचलले जातील. लोक म्हणाले चित्रातल्यासारखा भरदार नाही. अहो, भरदार केला असता तर ती बीस्टपासून दीड हात लांब राहिली असती. कपडा नाचासाठी शिवायचा की फोटोसाठी, हे एकदा ठरवायला लागतं, त्यांनी नाचासाठी शिवला, बरोबर केलं.

आता श्वास. हे माझं आवडतं दुखणं आहे. स्टुडिओत गाणं रेकॉर्ड होतं तेव्हा हल्ली श्वास साफ करून टाकायची फॅशन आहे, आणि सूर इतके सरळ करतात की इस्त्री केल्यासारखे. चित्रातल्या पात्राला ते चालतं कारण त्याला फुप्फुसं नाहीत. माणूस पडद्यावर असला की बघणारा त्याच्या गळ्याकडे, छातीकडे बघतोच, न कळत बघतो. ओळ सुरू व्हायच्या आधी छाती भरलेली दिसली नाही, आणि कानाला पण श्वास ऐकू आला नाही, तर मेंदू लगेच म्हणतो, डबिंग. वॉटसनच्या आवाजावर लोकांनी जी तक्रार केली ना, की मशीनमधून काढल्यासारखा वाटतो, ती माझ्या कानालाही पटली, पण माझ्या मते तो सुराचा प्रश्न कमी आणि श्वासाचा जास्त आहे. १९९१ मध्ये टायटल साँग अँजेला लान्सबरीने एका टेकमध्ये गायलं असं सांगतात, बाई तेव्हा पासष्टच्या घरात, आवाजात ते थकलेलं, मायेचं, मधेच किंचित थरथरणारं जे आहे ते कोणी पुसलं नाही, आणि ती तर किटली होती! किटलीला श्वास होता आणि माणसाला नाही, हे उलटं झालं.

२०१२ च्या ‘ले मिझराब्ल’मध्ये याच्यावर उपाय म्हणून नटांना सेटवरच लाइव्ह गायला लावलं, कानात छोटा स्पीकर, त्यात पियानो, ऑर्केस्ट्रा नंतर. आपल्याला यात नवल नाही, १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ प्रभातने असाच केला, प्लेबॅक नव्हताच, नट गातोय, वाजवणारे कॅमेऱ्याच्या बाहेर बसलेत. पण लाइव्ह गाण्यात नाच मरतो. धापा टाकत कोण गाणार. परीकथेला नाच हवा, म्हणून प्लेबॅक हवा, म्हणून श्वास हाताने परत घालायला हवा. मी स्वतः प्रत्येक ओळीआधीच्या सहा-आठ फ्रेम जपतो, दिग्दर्शक कितीही म्हणाला टाइट कर तरी.

बरं, मिनिटांचा हिशोब. जुना सिनेमा ८४ मिनिटांचा, नवा १२९. ही वरची ४५ मिनिटं कुठे गेली? बरीचशी ‘का’ची उत्तरं देण्यात गेली. बेलची आई कुठेय, तर जादूच्या पुस्तकातून पॅरिसला जायचं, तिथे कळतं ती प्लेगने गेली. राजकुमार असा का, तर त्याचं बालपण. खरी माणसं दिसली की लेखकांना वाटतं आता लोक खरे प्रश्न विचारणार. मला नाही पटत. परीकथा ऐकणारा आजीला विचारत नाही की राक्षसाची आई कुठे असते, तो विचारतो मग पुढे काय झालं. गाण्यात जे तीन ओळीत झालं होतं ते संवादात समजावलं की गाणं फक्त उजळणी उरतं.

पण एक भर अस्सल आहे, ती म्हणजे ‘एव्हरमोर’. १९९१ मध्ये बीस्टला स्वतःचं गाणं नव्हतं. तो बेलला जाऊ देतो तो प्रसंग एका डरकाळीवर संपायचा आणि चित्रात ती पुरते, अ‍ॅनिमेटरने त्या पाठीच्या बाकात सगळं काढलेलं. १९९४ ला ब्रॉडवेवर नाटक झालं तेव्हा मेंकन आणि गीतकार टिम राइसने त्याला एक गाणं दिलं, पण ते पहिल्या अंकाच्या शेवटी, तो तिच्यावर खेकसतो आणि ती पळून जाते तिथे, कारण नाटकाला मध्यंतर असतं आणि पडदा पाडायला काहीतरी जोरदार लागतं. सिनेमाला तसा पडदा नाही. म्हणून ते गाणं न घेता नवं लिहिलं आणि ते तो तिला सोडतो तिथे ठेवलं, ती घोड्यावर लांब जातेय, तो मनोरा चढत चढत गातोय, दिसेनाशी होईपर्यंत. चढणं ही खऱ्या शरीराची क्रिया आहे, दम लागतो, वजन जाणवतं, आणि इथे गाणं शरीराच्या मापाने लिहिलंय. म्हणून ते जुळतं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’. नाटक १९६७ चं, दारव्हेकरांचं, संगीत अभिषेकी बुवांचं, सिनेमा २०१५ चा. ते अ‍ॅनिमेशन नाही आणि परीकथाही नाही, पण पेच तोच. स्टेजवर पद किती चालणार ते त्या दिवशीचे प्रेक्षक ठरवायचे, वन्स मोअर आला की गायक परत बसला, पंधरा मिनिटं गेली तरी कोणाची तक्रार नाही. सिनेमात ते चालत नाही. तिथे जुनी पदं ठेवली, पण जिथे सिनेमाला स्वतःचा वेग हवा तिथे शंकर-एहसान-लॉयकडून नवी गाणी घेतली, ‘सूर निरागस हो’ लोकांना आज नाटकातलंच वाटतं. आणि खाँसाहेब पडद्यावर सचिन, गळा राहुल देशपांडेचा. तिथे तान आली की एडिटरला कुठे कट मारायचा, चेहरा किती ठेवायचा, हात कधी दाखवायचा, याचा अभ्यास करण्यासारखा आहे, तुम्ही आवाज बंद करून बघा एकदा.

वस्तू-प्राण्यांच्या गाण्यांवर मला आतापर्यंत पटलेला रस्ता २०२३ च्या ‘द लिटिल मरमेड’चा. रॉब मार्शल स्वतः नाचातून आलेला माणूस. समुद्राखालच्या गाण्यासाठी त्याने आधी अ‍ॅल्विन एली या नृत्य कंपनीच्या खऱ्या डान्सर्सना घेऊन अख्खं गाणं बसवलं, मग त्यांच्या हालचाली बघून मासे, कासवं, जेलीफिश बनवले. खेकड्याचा चेहरा तिथेही कोराच आहे, ते मी माफ नाही करत, पण मागे जे नाचतं त्यात माणसाचा काउंट आहे, त्यामुळे डोळा टिकतो.

तर तुमची फिल्म. तुमच्याकडे कॉम्प्युटरवाले नाहीत, ही तुमची चैन आहे असं समजा. रंगमंचावर प्रेक्षक पुठ्ठ्याचं घड्याळ घातलेला माणूस आनंदाने मान्य करतो, आपली मुलं पिढ्यान्‌पिढ्या बालनाट्यात तेच बघत आलीत, दिलीप प्रभावळकर चिंची चेटकीण व्हायचे तेव्हा कोणी विचारलं नाही की चेटकिणीचा घोगरा आवाज पुरुषाचा का. २०१५ ला मुंबईत एनएससीआय डोममध्ये हीच ‘ब्युटी अँड द बीस्ट’ आपल्या कलाकारांनी स्टेजवर केली, तिथेही घड्याळाच्या आत माणूस आणि त्याचा चेहरा उघडा. वस्तूला चेहरा माणसाचाच ठेवा, पुठ्ठा फक्त अंगाला. फक्त एकच, कॅमेरा स्टेजपेक्षा जवळ जातो, त्यामुळे गोंदाचे डाग दिसतात, कडा नीट घासा.

गाणं फायनल मिक्स करून सेटवर आणू नका. हार्मोनियम आणि क्लिकवर, म्हणजे ठोका मोजणाऱ्या टकटकीवर, स्क्रॅच, म्हणजे कच्चं गाणं, करा, डान्सरला पूर्ण कपड्यात, डोक्यासकट, दोन वेळा सलग नाचवा, दुसऱ्या वेळी अंतऱ्यात जो टेम्पो त्याला झेपतो तो तुमचा टेम्पो, मग खरं रेकॉर्डिंग. संगीतकार कुरकुर करेल, करू दे. प्रत्येक गाण्याला सेटवर पहिला शॉट सलग एका टेकमध्ये लांबून घ्या, मास्टर, तो वापरला नाही तरी चालेल, पण मला तुमच्यासारखे लोक जेव्हा नुसते क्लोजअप आणून देतात तेव्हा कोण कुठे उभा होता तेच कळत नाही आणि मग मी रात्रभर तुमच्या नावाने बोटं मोडतो. गाणाऱ्या मुलीला, ती स्वतः गात नसली तरी, शूटिंगच्या वेळी मोठ्याने गायला लावा, बेसूर असली तरी, गळा हलला पाहिजे. स्टुडिओतून ट्रॅक मागताना सांगून ठेवा की श्वास पुसलेला एक आणि न पुसलेला एक असे दोन द्या.

आणि भारी कपड्यातलं पात्र असेल तर २२ फ्रेमची युक्ती लक्षात ठेवा, आजकाल फोनच्या अ‍ॅपमध्येही फ्रेम बदलता येतात, प्लेबॅक मात्र वेग बदलून सूर न बदलेल असा आधीच बनवून न्या, सेटवर लॅपटॉप उघडून शोधत बसू नका. डोक्यात पंखा बसवलात तर डोकं धुवायला देण्याआधी तो काढा. आम्ही काढला नव्हता.